गोदाकाकूंचं ऐकून घेतलं

एका जंगलात, बाळांनो, सिंह होता. पण राज्य मात्र सगळ्यांचं होतं. असं सिंहानेच जाहीर केलं होतं. हसताय काय? पुढे ऐका.

तिथे एक कडक नियम होता. कुठलाही निर्णय घ्यायचा, तर भरसभेत चर्चा हवी. आणि निदान एकाने तरी विरोधात बोलायलाच हवं. नाहीतर निर्णय रद्द!

एकदा सिंहाला वाटलं, तळं आपल्या एकट्याच्या आंघोळीला हवं. त्या तळ्यात गोदाकाकू कासवीण राहायच्या. काठच्या वाळूत त्यांची अंडी होती. बातमी ऐकताच काकूंनी सशांचं बीळ गाठलं.

"सभेला चला रे," त्या सशांना म्हणाल्या.

"नको हो काकू! सिंहासमोर तोंड कोण उघडणार?"

"मेले भित्रे!" म्हणत काकू एकट्याच निघाल्या. पण कासवाची चाल ती! दुपार टळली तरी निम्मी वाटही सरेना.

इतक्यात समोरून रानडुक्कर धापा टाकत आलं. "काकू, बसा पाठीवर. कोल्हेसाहेबांनी पाठवलंय. तुमच्यासाठी सभा थांबवून ठेवलीय!"

काकूंना गहिवरून आलं. याला म्हणतात लोकांचं राज्य!

कोल्हा सभेचा सचिव होता. तो हात जोडून सामोरा आला. "बोला काकू, अगदी मोकळेपणाने बोला. घाई नाही."

काकू बोलल्या की हो! अंड्यांबद्दल बोलल्या, तहानलेल्या पाडसांबद्दल बोलल्या. सिंहाला तोंडावर अप्पलपोटा म्हणाल्या. सिंहाने चक्क डोळे पुसले. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

कोल्ह्याने शब्द न् शब्द लिहून घेतला. खाली काकूंच्या पंजाचा ठसा घेतला आणि गळ्यात झेंडूचा हार घातला.

"मग तळं राहिलं ना आमचं?" काकूंनी विचारलं.

"छे हो! तुम्ही बोलत होतात तेवढ्यात कुंपण घालून झालंसुद्धा," कोल्हा म्हणाला. "खरं सांगू? सकाळपासून विरोध करायला कुणी मिळेना. निर्णय रद्दच व्हायचा होता. देवासारख्या धावून आलात!"

काकूंना रडूच कोसळलं. अंडी कुंपणाच्या आत राहिली होती.

गळ्यातला हार मातीत ओढत त्या चालत निघाल्या. परतीला काही रानडुक्कर आलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, अन्यायाविरुद्ध नेहमी आवाज उठवावा. त्याशिवाय अन्याय कायदेशीर होत नाही.