पाहुण्यांच्या हातातला मध्यम

बापूभाऊ आमच्याकडे चहाला आले की आधी रिकामा कप मागतात. खिशातली पेन्सिल काढून काठावर टण् करतात, डोळे मिटतात. "वयनी, पंचम हाय." मग चहा ओतायचा. ओतल्यावर पुन्हा टण्. "आता उतरला." एवढं झालं की पिणार.

मी मंगरूळपीरला नवी नवरी म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात या शेजाऱ्यानं माझ्या माहेरच्या निळ्या काठाच्या कपावर पेन्सिल मारली. मी हार्मोनियमची पहिली परीक्षा पास. वऱ्हाडात संगीत आणलं ते मीच, अशी माझी समजूत. मला वाटलं, हा माणूस कपाला चीर शोधतोय. पदर खोचून म्हणाले, "आमच्या माहेरचे कप तडकलेले नसतात."

"कप बराबर हाय," ते म्हणाले. "तुमचाच सूर चढेल हाय."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी दोन दिवस त्यांना चहा दिला नाही. परीक्षा पास होती, कान नापास होते, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

बापूभाऊ बाजार समितीत मापारी होते. तूर मापताना आकडे असे गात मोजायचे की शेतकरी काटा सोडून यांच्याकडे बघायचे. निवृत्त झाले आणि जलतरंगाचं वेड घेतलं. भांडी विकत कायले घ्यायची? गल्लीतल्या अकरा घरांतून एकेक कप मागून आणला आणि कमीजास्त पाणी भरून प्रत्येकाला एकेक सूर लावला. लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले रफिकभाई आले, भजनी मंडळाचा तबला आला. झाला वाद्यवृंद. दोन वर्षं एकच राग घोटला, यमन. "लोकायनं एकडाव बसून पुरा आयकला पायजे," एवढीच इच्छा.

मागच्या महिन्यात मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरला. मी तासभर आधीच पहिल्या रांगेत, नातीच्या लग्नातली साडी नेसून. रफिकभाईंनी क्लॅरिनेट जरा फुंकून पाहिलं, तर मागच्या बायका अक्षता शोधायला लागल्या आणि दोघं पंगत धरायला उठले. मी वळून म्हटलं, "बसा, आज नवरी नाही."

बापूभाऊंनी काड्या उचलल्या आणि तशाच धरून ठेवल्या. समोर दहाच कप. तीव्र मध्यमाचा कप गायब. तो नसला तर यमन कसला?

माझ्या शेजारी प्रमुख पाहुणे बसले होते. हातात माझाच निळ्या काठाचा कप. चहावाल्याला एक कप कमी पडला होता, म्हणून त्यानं मंचावरचा उचलला, पाणी फेकलं आणि चहा भरला.

"साहेब, द्या तो इकडे."

"आजी, अर्धा राहिलाय अजून."

"तो चहा नाही, मध्यम आहे." मी कपाला धरून ओढलं. साहेबांनी कप सोडला नाही, त्यामुळे कप आणि साहेब दोघंही मंचापाशी आले.

बापूभाऊंनी वाकून टण् केलं. "उतरला हाय."

"ओतून टाका तो चहा, पाणी घाला," मी म्हटलं.

"अन्न सांडत नसतेत, वयनी." अखेर मापारीच तो. "साह्यब, एक घोट घ्या."

साहेबांनी घेतला. टण्.

"अजून जरासा."

सगळं कार्यालय साहेबांच्या घशाकडे बघत होतं. रफिकभाईंचे तर ओठही हलत होते.

"बस. लागला."

आणि मग यमन सुरू झाला. उरलेल्या चहाचा तो मध्यम असा चमकला की माझ्या अंगावर काटा आला. मी जोरात "वाहवा" केलं, नेहमीसारखं दोन मात्रा आधी. पंगत धरायला उठलेले ते दोघं शेवटपर्यंत हलले नाहीत. भिंतीला टेकून उभे होते, तसेच ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून बापूभाऊ कप परत करायला लागले. रोज एक घर, एक कप. माझा काल आला, अकरावा. धुऊन, रुमालात गुंडाळून.

"बापूभाऊ, एका थैलीत मावले असते की सारे."

"मावले असते."

चहा संपला तरी ते उठले नाहीत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी गेल्या, तेव्हापासून त्यांच्या घरात बोलायला कोणी नाही. रिकामा रुमाल मांडीवर घेऊन ते त्याच्या घड्या करत होते, मोडत होते.

मी आत गेले. फडताळातले सहा काचेचे पेले ताटात घालून आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"यातला एकही अजून तुम्ही तपासला नाही," मी म्हटलं. "कोणता न्यायचा ते सावकाश ठरवा. आज नाही जमलं तर उद्या या."