झाकणाआडचे ठिपके

रविवारी संध्याकाळी टीव्हीवरच्या तज्ज्ञाने गल्लीतल्या हेडक्लार्कच्या साखळीच्या घड्याळाचे मागचे झाकण उघडले, आणि इकडे घड्याळजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

घड्याळजींनी चाळीस वर्षे गल्लीतली घड्याळे दुरुस्त केली होती. तेव्हा माणसे सकाळी उठून आधी घड्याळाला किल्ली देत, मग चूळ भरत. घड्याळ बंद पडले की घरात कोणी आजारी पडावे तशी कुजबूज चाले, आणि सगळे घड्याळजींच्या दुकानाकडे धावत. दुकान बंद होऊन आता सहा वर्षे झाली होती. डोळ्याला लावायचे भिंग, झाकण उघडायची पाती आणि एक टोच्या, एवढेच टेबलाच्या खणात उरले होते.

"हे पाहा!" जुन्या वस्तूंची पारख करणारा तो तज्ज्ञ म्हणाला. "झाकणाच्या आत एका ओळीत तीन ठिपके. राजघराण्याच्या खास कारागिराची खूण! अशी घड्याळं जगात मोजकीच असतील. याची किंमत सांगताना मला घाम फुटतोय."

घाम घड्याळजींनाही फुटला होता.

"अहो, काय झालं? छातीत दुखतंय का?" बायकोने विचारले.

"ते ठिपके माझे आहेत."

"तुमचे म्हणजे?"

घरात दोघांखेरीज कोणी नव्हते, तरी घड्याळजींनी आवाज खाली आणला. "दुरुस्ती करणारा झाकणाच्या आत काहीतरी खूण करतोच. कुणी तारीख घालतं, कुणी नंबर. मी गिऱ्हाईक लक्षात राहावं म्हणून ठिपके पाडायचो. एक म्हणजे घासाघीस करणारं. दोन म्हणजे घासाघीस करून वर 'आतला माल बदललात' म्हणणारं."

"आणि तीन?"

"तीन म्हणजे पुन्हा आलं, तर दुकान बंद आहे म्हणून सांगायचं."

बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आणि चांगल्या गिऱ्हाइकाला?"

"काही नाही. कोरं झाकण."

"म्हणजे आमच्या बाबांचं कोरं असणार."

घड्याळजींनी बशीतला चहा एका घोटात संपवला. "असणारच," ते म्हणाले आणि कपाटाकडे बघायचे टाळू लागले.

कपाटात त्यांचा लग्नातला काळा कोट होता, आणि त्याच्या आतल्या खिशात सासऱ्यांचे घड्याळ. सासरे शिंपी होते. कोट त्यांनीच शिवलेला. त्याच्या पांढऱ्या अस्तरावर लाल दोऱ्याचे पाच टाके होते आणि घड्याळजी चव्वेचाळीस वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत आले होते. "मामंजी बोलायचे कमी. पण जीव होता माझ्यावर. बघा, कुणाला दिसू नये असा आशीर्वाद घातलाय."

सकाळी दार वाजले. हेडक्लार्क छाती काढून उभा होता.

"काय घड्याळजी, बघितलंत ना? मी तेव्हाच म्हणत होतो, हे घड्याळ साधं नाही!"

तेव्हा तो "या डबड्याला एवढे?" असे म्हणाला होता. घड्याळजींना ते तारखेसकट आठवत होते.

त्याच्या मागे वखारवाला होता, वखारवाल्याच्या मागे वकीलसाहेब, आणि रांग जिन्याखाली गेली होती. प्रत्येकाच्या हातात वडिलांचे नाहीतर आजोबांचे घड्याळ. गल्लीत झाकण उघडायची पाती एकट्या घड्याळजींकडे होती. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी वखारवाल्याच्या घड्याळाचे झाकण उघडले. दोन ठिपके. वखारवाल्याने त्यांना मिठीच मारली. वकीलसाहेबांचे उघडले. तीन. वकीलसाहेबांनी शेजाऱ्याला पेढे आणायला पिटाळले. एकेकाळी ज्यांची पावले ओळखून घड्याळजी दुकानाच्या मागच्या दाराने पळत, नेमक्या त्यांच्याच घरी भाग्य उजळत होते.

रांगेच्या शेवटी मास्तरीणबाई होत्या. त्यांनी जन्मात कधी मजुरीवरून हुज्जत घातली नव्हती.

"बाई, तुमचं कोरं आहे. चांगलंच आहे हो ते."

"कोरं चांगलं कसं?" त्यांचा आवाज कापरा झाला. "नातीला द्यायचं होतं. साफ करताना खूण पुसली तर नाहीत ना तुम्ही?"

बेकरीवाल्याचेही कोरे निघाले. "सोळा वर्षं तुमच्यापुढे ब्र काढला नाही. त्याचं हे फळ?" असे म्हणून तो घड्याळ उचलून चालता झाला. दुपारपर्यंत गल्लीतली सगळी भली माणसे घड्याळजींशी अबोला धरून बसली होती, आणि नको ती माणसे त्यांना हाका मारत होती.

बुधवारी बातमी आली की एकाच गल्लीत अकरा घड्याळे सापडल्यामुळे तज्ज्ञ स्वतः उद्या येणार. उजेड चांगला, टेबल मोठे, म्हणून बसणार घड्याळजींच्याच घरी.

घड्याळजींच्या तोंडचे पाणी पळाले. "अगं, भिंगातून बघेल तो. एकच हात, एकच टोच्या. लगेच ओळखेल. चाळीस वर्षांचं नाव जाईल. वकील तर समोरच बसलेला असेल!"

त्यांनी टोच्या फडक्यात गुंडाळून कुंडीत पुरला. बायकोने तो उकरून काढला. "मोगरा मेला असता," ती म्हणाली.

गुरुवारी तज्ज्ञ आला. सोबत कॅमेरे, मागे अख्खी गल्ली. त्याने एकेक घड्याळ भिंगाखाली धरले. अकरावे खाली ठेवून त्याने पहिले पुन्हा भिंगाखाली धरले.

"हे सगळे ठिपके एकाच हाताचे आहेत."

घड्याळजींनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"याचा अर्थ," तज्ज्ञ उभा राहिला, "तो शाही कारागीर उतारवयात याच गल्लीत राहून गेला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गर्दीत मास्तरीणबाई कोपऱ्यात कोरे घड्याळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घड्याळजींना ते बघवेना.

"साहेब," ते म्हणाले, "ते ठिपके मी पाडलेत. या टोच्याने."

सगळ्यांच्या माना वळल्या. तज्ज्ञाने टोच्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा तर दाभण दिसतो. आजोबा, वय काय तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि ही घड्याळं दीडशे वर्षांची!" त्याने घड्याळजींच्या पाठीवर प्रेमाने हात ठेवला. "होतं असं या वयात."

"घड्याळजी, जळू नका हो!" हेडक्लार्क ओरडला, आणि सगळे खो खो हसले.

निघताना मास्तरीणबाई दाराशी रेंगाळल्या. घड्याळजींनी त्यांना एक, दोन, तीन आणि कोऱ्याचा अर्थ हळूच सांगितला. बाईंनी जिन्यावर जमलेल्या अकरा भाग्यवंतांकडे एकदा पाहिले, हेडक्लार्कवर नजर थोडी जास्त ठेवली, आणि तोंडाला रुमाल लावून हसू दाबत खाली गेल्या. अख्ख्या गल्लीत तेवढ्या एकीला सगळे पटले.

"सुटलो बाई," घड्याळजी खुर्चीत कोसळत म्हणाले.

बायको कपाटापाशी उभी होती. हातात बाबांचे घड्याळ. "आता हे उघडा."

"त्याचं झाकण गंजलंय."

"चार दिवस बघतेय, पाती मलाही चालवता येते."

झाकण टक् करून उघडले. तिने बोट ठेवून मोजले. "चार." मग चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "तीनच्या पुढचं सांगितलं नव्हतंत तुम्ही."

"अगं, तेव्हा आपलं लग्न कुठे ठरलं होतं? सात वेळा परत आणलं त्यांनी. दर वेळी म्हणायचे, मागे पडतंय. पडत नव्हतं गं!"

तिने कोट काढून मांडीवर पसरला, अस्तर उलटले आणि लाल टाक्यांवरून हळूच बोट फिरवले.

"लग्नाआधी बाबांच्या दुकानात मी काजं करायला बसायची. गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतून लाल टाका घालायची त्यांची पद्धत होती. एक टाका म्हणजे घासाघीस करणारा. दोन म्हणजे 'कापड चोरलंत' म्हणणारा."

घड्याळजींनी मनातल्या मनात टाके पुन्हा मोजले. चार दिवस सगळ्या गल्लीला घाबरत काढले, पण अशी भीती वाटली नव्हती.

"आणि पाच?"

बायकोने कोटाची नीट घडी घातली, घड्याळ खिशात ठेवले आणि कपाट लावून घेतले.

"तज्ज्ञांना विचारा," असे म्हणून ती चहा टाकायला आत गेली.