मानेचा आऊट

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा पन्नाशीचा असो, टकला असो, कंत्राटी नोकरीत असो, हा मान त्याच्याकडून कुणी काढून घेत नाही. माझे सुदाममामाही पडतात. फक्त एकदा खाली वाकले की ते लवकर वर येत नाहीत. माझी चप्पल उचलतात, टाच बोटानं चाचपतात आणि तिथूनच निकाल देतात, "भाश्या, डाव्या पायानं जास्त घासून राह्यला तू. आऊट हाय."

दिग्रसला कापूस बाजाराच्या रस्त्यावर मामांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. डगमगणारं चाक सरळ फिरायला लावणं, म्हणजे चाकाचा आऊट काढणं, यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही. सायकली कमी होत गेल्या तसे मामा बाकीच्या जगाचा आऊट काढायला लागले. कुणाकडे चहाला गेले की कपाला हात लावण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात. पुढाऱ्याच्या फलकापुढं उभं राहून, "मिशी उजवीकडून दोन सूत वर हाय," असं भर चौकात सांगतात. एकदा पुसदच्या एसटीमागं धावत जाऊन त्यांनी कंडक्टरला ओरडून कळवलं की मागचं चाक आऊट आहे. गाडी थांबली नाही. ती पुढं तीन किलोमीटरवर आपली आपणच थांबली.

आणि एवढं असून मामांची स्वतःची मान एका बाजूला कललेली. चांगली दिसण्याइतकी. कुणी चावटपणे विचारलंच, "मामा, मानेचा आऊट कधी काढता?" तर ते हात झटकून म्हणत, "तिले हात नाही लावाचा. ते सेटिंग हाय." जन्मभर एक डोळा मिटून चाकाकडं पाहिलं की असंच होणार, असं लोक म्हणत. मीही म्हणायचो. विचार न करता म्हणायच्या गोष्टींत आमचं घराणं पहिल्यापासून पुढं आहे.

त्या वर्षी कापसाला गुलाबी बोंडअळी लागली. बोंड वरून हिरवंगार, धडधाकट. फोडलं की आत अळी आणि किडून घट्ट झालेली कापसाची कवडी. एका संस्थेनं पाहणीचा प्रकल्प काढला आणि आम्हा सहा जणांना कंत्राटावर घेतलं. बोंड फोडायला दोन्ही हात लागतात, म्हणून संस्थेच्या साहेबांनी कॅमेरा चष्म्यावर बसवला होता. चष्म्याच्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढा कॅमेरा. "तुम्ही जे पाहाल तेच कॅमेरा पाहील," असं साहेबांनी प्रशिक्षणात सांगितलं. साहेबांनी आयुष्यात बोंड फोडलं नसावं. बोंडाकडं माणूस डोळे खाली करून पाहतो, मान तिथंच राहते. आणि कॅमेरा बिचारा मानेबरोबर राहतो.

पहिल्या आठवड्यात मी जे टिपलं त्यात शेतकऱ्यांच्या शर्टाची बटणं होती, क्षितिज होतं, शेजारच्या बांधावरचा बैल होता. सगळं तिरपं. अख्खा बाभुळगाव तालुका एका अंगाला घसरत चालल्यासारखा. वर माझा आवाज, "ही पाहा, इथे अळी स्पष्ट दिसते आहे." आणि समोर बैल शांतपणे रवंथ करतोय. एक शेतकरी तर मध्येच म्हणालेला ऐकू येतो, "साहेब, अळी माह्या हातात हाय. तुमी बैलाकडं काहून पाहून राह्यले?"

साहेबांच्या अर्जात शेवटी एक रकाना होता : कॅमेऱ्याचा कोन, योग्य की अयोग्य. साहेब फोनवर म्हणाले, "कोन अयोग्य असेल तर नुकसान धरता येणार नाही."

म्हणजे अळीनं खाल्लं ते खाल्लंच, वर माझ्या मानेनं खाल्लं. मी सहाही चष्मे पिशवीत घातले, पाचही सोबत्यांना घेतलं आणि दिग्रसची एसटी धरली.

मामांनी मला दुकानापुढं खोक्यावर बसवलं. दोऱ्याला नट बांधून माझ्या नाकासमोर ओळंबा सोडला. चष्मा चढवला, एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं.

"चष्मा बराबर हाय," ते म्हणाले. "तू आऊट हाय."

माझा उजवा कान डाव्यापेक्षा बोटभर खाली निघाला. याचं श्रेय आमच्या गणिताच्या मास्तरांना. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तरीच. माहं बोलनं त्याच कानातून घसरून जाते वाटते."

मामांनी शेजारच्या टपरीवरून उकळतं पाणी मागवलं, चष्म्याची काडी त्यात धरून वाकवली. कॅमेऱ्यामागं सायकलच्या ट्यूबचा तुकडा पाचरीसारखा सारून त्याचं तोंड खाली वळवलं. "अळी हाताशी हाय, आभाळात नाही. साहेबाले सांग." प्रत्येकाचं नाक वेगळं, कान वेगळे, मान वेगळी, ज्याचा जेवढा आऊट तेवढा त्यांनी चष्म्यातून काढला. दुसऱ्याच दिवशी अळी पडदाभर दिसली. साहेबांचा फोन आला, "हा साप कुठून आला?"

मामांनी त्याबद्दल एकच गोष्ट मागितली. "एक चष्मा एका दिवसापुरता दे. वर्षाच्या लग्नाले."

वर्षा ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि सगळं घर एकाच प्रश्नावर अडलं होतं : मामी कन्यादानाला बसणार की नाही.

तीन वर्षांपूर्वी मामींच्या तोंडावरून वारं गेलं. बाकी सगळं सुधारलं, पण ओठांचा एक कोपरा वर ओढलेला राहिला तो राहिलाच. पुढं एका बारशात फोटोवाला म्हणाला, "काकू, तोंड सरळ करा ना जरा." चार जण हसले. त्या चौघांत मी नव्हतो असं मला आठवतं. बायकोला तसं आठवत नाही. तेव्हापासून कॅमेरा दिसला की मामी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात जातात. आता त्यांनी साफ सांगून टाकलं होतं, "कन्यादानाले दीर-जाऊ बसवा. मी मांगं भाजी पाहीन."

पुढाऱ्याच्या मिशीचा आऊट भर चौकात काढणारे मामा यावर एक अक्षर बोलले नव्हते.

चष्मा घेऊन ते घरात गेले. मी दारात उभा होतो.

"फोटोवाला नाही सांगितला," मामा म्हणाले. "लाइट नाही, काही नाही. मीच पाहीन. माह्यं पाह्यनं तं चालते ना तुले?"

मामींनी चष्मा हातात घेऊन उलटा सुलटा केला. "लोकं काय म्हनतीन, फोटोवाला नाही म्हून?"

"लोकं आऊट हायेत."

मामींनी चष्मा पदरानं पुसून परत दिला.

लग्नाच्या दिवशी भटजींनी मुलीच्या आईवडिलांना हाक मारली, तेव्हा मामा पाटावर एकटेच जाऊन बसले. शेजारचा पाट रिकामा. जाऊबाई निम्म्या उठल्या होत्या. वर्षा स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत होती. दारात मामी आल्या. खाली मान, दातांत पदर. आल्या आणि पाटावर बसल्या. मामांनी डोळ्यांवरचा कॅमेऱ्याचा चष्मा नीट केला, कललेली मान त्यांच्याकडं वळवली आणि नेहमी पाहतात तसं पाहिलं. थोड्या वेळानं मामींच्या दातांतला पदर सुटला.

चार दिवसांनी मामांच्या घरी माझ्या लॅपटॉपवर लग्न पाहायला सगळे गोळा झाले आणि बोंबाबोंब झाली. सगळंच तिरपं! मांडवाचे खांब पडायला आलेले, भटजी चढावर बसलेले, नवरदेव उतारावर, आणि कोपऱ्यात मी, तिसऱ्यांदा जिलेबी घेताना, ताटासकट घसरतोय.

"मामा," मी कुजबुजलो, "आमच्या सहाही चष्म्यांतून मानेचा आऊट काढला. तुमच्याच मानेचा राहिला का?"

"राह्यला नाही. ठेवला."

तेवढ्यात पडद्यावर मामी आल्या. मागचा मांडव कोसळत होता, आणि मामींच्या ओठांची रेघ पडद्याच्या खालच्या कडेला अगदी समांतर होती. ओळंबा लावून पाहावी अशी.

मी मान वर केली. समोरच्या भिंतीवर चार वर्षांपूर्वीचा, मामींच्या दुखण्याआधीचा फोटो होता. त्यातल्या मामांची मान खांबासारखी सरळ होती.

मामी पडद्याजवळ सरकल्या. "मी तं सरळ दिसून राह्यली," त्या हळूच म्हणाल्या.

"तू सरळच हाय," मामा म्हणाले. "मांडव आऊट होता." आणि उठून कॅलेंडर सरळ करायला गेले. ते सरळच होतं.

त्या सोमवारी माझ्या धांदरटपणानं बोंडांबरोबर कन्यादानही साहेबांकडं गेलं. फोन आला, "अहो, यात एकही बोंड नाही. आणि सगळं तिरपं! कोनाच्या रकान्यात काय लिहिलंत तुम्ही?"

मी पाहिलं. माझ्याच अक्षरात होतं : योग्य. मी ते तसंच राहू दिलं.