तायडे सरांचं वर्तुळ

गेल्या जुलैत एका मंगळवारी, चौथ्या तासाला, तायडे सर आमच्या शाळेच्या मैदानाच्या मधोमध पडले. उजव्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. हातातला दोर त्यांनी सोडला नाही. दोराचं दुसरं टोक धरून अकरावीतला एक मुलगा त्यांच्याभोवती फिरत होता आणि त्याच्या मागून दुसरा चुन्याची फक्की टाकत चालला होता. सर जमिनीवरूनच म्हणाले, "थांबू नको, पुरं कर." मुलांना वाटलं, हा शिकवण्याचाच भाग आहे. त्यांनी वर्तुळ पूर्ण केलं आणि मग शिपायाला हाक मारली. ही हकीकत त्या वर्गातल्या चौघांनी मला वेगवेगळी सांगितली. चौघांची जुळते.

आमची शाळा अकोल्यात आहे, अकरावी-बारावीचे वर्ग तिलाच जोडलेले. मी आठवी-नववीला मराठी शिकवतो आणि तायडे सर अकरावी विज्ञानला गणित. उंच, काटक, शर्टाच्या खिशात पेनऐवजी खडू. गणितातलं बाकी सगळं ते वर्गात शिकवतात, चांगलं शिकवतात आणि वेळेत संपवतात. वर्तुळाचं समीकरण मात्र त्यांनी कधीही फळ्यावर शिकवलेलं नाही. ते मैदानावर होतं. मैदानाच्या मध्यावर त्यांनी एक लोखंडी खुंटी ठोकून घेतली आहे. तो त्यांचा आरंभबिंदू. ध्वजस्तंभाकडे जाते ती एक्सची रेघ, फाटकाकडे जाते ती वायची. खुंटीवर सर स्वतः उभे राहतात आणि दोराचं टोक हातात धरतात. खुंटीलाच दोर का बांधत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "खुंटी पोट्ट्याइले पाहत नाई."

शिकवणी वर्गांतून मुलं सूत्र आधीच पाठ करून येतात. एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर आर वर्ग, हे ती एका दमात म्हणून दाखवतात. सर शांतपणे ऐकून घेतात. "हा पत्ता झाला," म्हणतात. "घर कुठी हाय?" मग दोर निघतो.

या दोराची एक चूक दरवर्षी ठरलेली. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, खुंट्याला बांधलेला गोऱ्हा त्यांनी पाहिलेला. तशीच ती दोर धरून जोरात फिरत सुटतात. सरांनी दोर डोक्यावरून फिरवायचा असतो, पण मुलगा वेगात असला की ते जमत नाही आणि दोर सरांच्या कमरेला गुंडाळला जातो. प्रत्येक फेरीला मुलगा जवळ येतो आणि शेवटी सरांना येऊन धडकतो. दोरात बांधलेले सर तेवढ्यातही हात वर करून सांगतात, "पाहा, त्रिज्या कमी झाली. हे वर्तुळ नाई. हे काय झालं ते तुमी बारावीनंतर शिका." एका वर्षी त्यांना सोडवायला शिपाई आणि प्रयोगशाळेतला परिचर, दोघं लागले होते.

मैदानाबाहेरही ते असेच. शिक्षकांच्या खोलीत वेळापत्रकावरून भांडण पेटलं की कोपऱ्यातून विचारतात, "केंद्र सांगा पयले." याने भांडण मिटत नाही, पण थांबतं, कारण कोणालाच उत्तर येत नाही. बसस्थानकासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतो. तिथल्या टेबलावर ओल्या पेल्यांची वर्तुळं उमटलेली असतात. सर त्यांतलं एक निवडून मधल्या कोरड्या जागी बोट ठेवतात. "पाहा, इथी काईच नाई. पण हे नसतं त बाकीचं उमटलंच नसतं." मग ते बोट उचलतात आणि चहा पितात. टपरीवाला पहिल्यांदा हे ऐकून टेबल पुसायला आला होता. आता तो सर उठेपर्यंत फडकं आणत नाही.

अमरावतीला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात शिरताच सर थांबले आणि मधला खांब मध्यावर नसल्याचं मांडववाल्याला म्हणाले. मांडववाला म्हणाला, "साहेब, जेवून घ्या." सर जेवले. मग त्याला घेऊन पावलांनी मोजून दाखवलं. खांब हललेला होता. दोघांनी मिळून तो जागेवर आणला आणि वरात येईपर्यंत मांडववाला सरांसाठी खुर्ची घेऊन मागेमागे फिरत होता.

शस्त्रक्रियेनंतर मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेलो. अचलपूरहून त्यांचा भाऊ आला होता, दोन दिवस राहून एसटीने परत गेला होता. पत्नी काही वर्षांपूर्वी वारल्या, मूलबाळ नाही. सर छताकडे पाहत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालता येईल, पण वॉकर घेऊन, आणि ओबडधोबड जमिनीवर नाही. सरांनी त्याचा अर्थ लावून ठेवला होता.

"मंग वर्तुळ शिकवाचं कसं? फळ्यावर?"

फळ्यावर हा शब्द त्यांनी असा उच्चारला की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवली. दिवाळीनंतर रुजू व्हायचं, प्राचार्यांना स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचा आणि थांबायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी दोन-तीन गोष्टी सुचवल्या. त्यांनी मला केंद्र विचारलं. मी उठलो.

दिवाळीनंतर ते आले. मधल्या काळात तासिका तत्त्वावरच्या एका शिक्षकाने पडद्यावर चित्रं दाखवून सगळं प्रकरण संपवलं होतं. सरांनी वर्गाला विचारलं की केंद्र आरंभबिंदूवर नसेल तर समीकरण काय होतं. सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं: एक्स वजा एचचा वर्ग अधिक वाय वजा केचा वर्ग बरोबर आर वर्ग. उत्तर बरोबर होतं. सरांनी विचारलं, केंद्र हलवायचं काहून? खुंटी तर जागेवर आहे. एकाने सांगितलं, पुस्तकात हाय म्हणून. सरांनी त्याला बसायला सांगितलं आणि त्याच दुपारी अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. एक तास मात्र मागून घेतला, शनिवारचा तिसरा.

त्या तासाला मी मैदानाला लागून असलेल्या खोलीत आठवीला शिकवत होतो. माझ्या खिडकीबाहेरच व्हरांडा आहे. शिपायाने सरांना तिथे खुर्ची दिली, वॉकर शेजारी ठेवला. सरांनी मुलांना दोर देऊन खुंटीकडे पाठवलं. ती काही पावलं गेली आणि परत आली.

वैष्णवी नावाची मुलगी पुढे होती. ती म्हणाली, "सर, तथी तुमी नाई."

"खुंटी हाय ना."

"खुंटीचं काय करू? तुमी इथी हा, त केंद्र इथीच."

तिने दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं. दहा पावलांचा दोर मैदानाच्या बाजूला ताणला गेला, मुलं फिरली, फक्की पडली. मग दोर व्हरांड्याच्या खांबाला अडला. सरांच्या पाठीमागे सगळी इमारत होती. अर्धं वर्तुळ मैदानावर झालं आणि तिथंच राहिलं.

मुलं म्हणाली, संपलं सर, पुढं भिंत आहे. सर म्हणाले, "वर्तुळ भिंतीले विचारते काय?"

मी शिकवायचं थांबवलं होतं, हे मला उशिरा कळलं. मग दोन मुलं पळत खुंटीकडे गेली आणि तिथून सरांच्या खुर्चीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजत आली, आधी एक्सच्या रेघेने, मग वायच्या. कोणीतरी सरांच्या खिशातला खडू मागून घेतला. व्हरांड्याच्या फरशीवर आकडे पडू लागले. एच म्हणजे सर, के म्हणजे सर, असं एक मुलगा दुसऱ्याला ओरडून सांगत होता. जिथे दोर पोचत नव्हता, तिथे उभं कुठं राहायचं हे आता समीकरण सांगत होतं.

सगळ्यात आधी वैष्णवी आली. दारात थांबून परवानगी घेतली, भिंतीपासून पावलं मोजली आणि माझ्या तिसऱ्या बाकाशेजारी उभी राहिली. "सर, माह्यं उत्तर इथी येते," म्हणाली. आठवीची मुलं हसली नाहीत. एकाने दप्तर सरकवून तिला जागा केली.

तिच्यामागोमाग इतर निघाले. एक पाण्याच्या टाकीमागे गेला, एक जिन्याखाली, दोन मुली शिक्षिकांच्या खोलीत. एकाचं उत्तर भिंतीत आलं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि अर्ध्या पावलाची चूक त्याने मोठ्याने कबूल केली. एक मुलगा प्राचार्यांच्या खोलीत गेला. नंतर प्राचार्यांनीच मला सांगितलं, की त्याचा बिंदू त्यांच्या खुर्चीवर येत होता आणि तो म्हणाला, "साहेब, थोडं सरकता काय." ते सरकले.

आता व्हरांड्यात सर एकटे होते. अर्धा वर्ग त्यांच्यासमोर मैदानावर होता, अर्धा भिंतींपलीकडे. ते मुलांना नावाने हाक मारत नाहीत. मुलगा ज्या बिंदूवर उभा असेल त्या बिंदूने बोलावतात: तीन-चार, उणे पाच-दोन. त्या दिवशी त्यांनी नावं घेतली, मान न वळवता.

"वैष्णवी, किती दूर हाय?"

"दहा," ती माझ्या तिसऱ्या बाकाजवळून म्हणाली.

मग पुढचं नाव. टाकीमागून उत्तर आलं, दहा. जिन्याखालून दहा. मैदानावरून, शिक्षिकांच्या खोलीतून, भिंतीला टेकलेल्या मुलाकडून, दहा. प्राचार्यांच्या खोलीतला मुलगा गप्प राहिला तेव्हा प्राचार्यांचा आवाज आला, "सांग न त्याइले," आणि मग दहा. चारही बाजूंनी, वेगवेगळ्या आवाजांत, एकच आकडा येत होता. वर्तुळ मी आयुष्यभर पाहत आलो आहे. ऐकलं त्या दिवशी. माझ्या वर्गातलं कोणीही हललं नाही.

घंटा झाली. मुलं जागेवरच थांबली, कारण सरांनी जा म्हटलं नव्हतं. पुढच्या तासाचे शिक्षक खडू-डस्टर घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहिले. शेवटी सरांनी मान हलवली आणि मुलं पांगली.

प्राचार्य बाहेर आले. अर्ज सोमवारी पुढे पाठवतो, असं ते म्हणाले. खालच्या आवाजात, विचारल्यासारखं.

"सोमवारी स्पर्शिका हाय," तायडे सर म्हणाले.

शाळा सुटल्यावर मी त्यांना ऑटोने घरी सोडलं. कुलूप काढायला त्यांना वेळ लागला. दोन खोल्या, एक खाट. वॉकर भिंतीशी लावून ते खाटेवर बसले आणि मधल्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "इथी त्या खोलीतून आवाज आल्याले लय दिवस झाले." त्यांनी चहा ठेवायला सांगितला, मी ठेवला.

सोमवारी सकाळी प्राचार्यांनी अर्ज परत दिला. सरांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि शिपायाला खुर्ची व्हरांड्यात न्यायला सांगितलं.