पटले काकांची चुकीच्या फेट्यांची फौज

फुलचूरमधल्या आमच्या गल्लीत सकाळी सकाळी मुंडकी उडतात. उडवणारे पटले काका, आमचे शेजारी. अंगात बनियन, नाकावर चष्मा, हातात सोनाराकडची बारीक करवत. समोर पाटावर अंगठ्याच्या पेराएवढे शिशाचे शिपाई आडवे पडलेले.

"आज कोण मेले, काका?" दूधवाला विचारतो.

"फ्रान्सचे. दुपारपर्यंत नागपूरचे होऊन जातील."

प्रकार असा की काका इंटरनेटवरून जुने, मोडके खेळण्यातले शिपाई मागवतात. डोकं कापायचं, नळ गळायला लागला की लावतात ती पुट्टी मळून नव्या डोक्याला फेटा बांधायचा, बंदुकीच्या जागी टाचणीचा भाला द्यायचा आणि पुन्हा रंगवायचं. अशी त्यांनी नागपूरकर भोसल्यांची फौज उभी केली आहे, आणि तिच्यासमोर कंपनी सरकारची पलटण. जेवणाच्या टेबलावर धानाचा कोंडा चिकटवून सीताबर्डीची टेकडी केली आहे. फासे टाकायचे, फुटपट्टीने अंतर मोजायचं आणि १८१७ची लढाई पुन्हा लढायची. घरचे जेवतात खाली चटईवर.

काकांचं राइस मिलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पट्टा मागायला येतं आणि तोफांविषयी ऐकून जातं. अचूकपणाचं तर त्यांना वेडच. भाचीच्या लग्नात वरात दारात आली, तेव्हा काका नवरदेवाकडे न जाता थेट बँडवाल्याकडे गेले. त्याचा लाल कोट दोन बोटांत धरून म्हणाले, "हे कोणत्या पलटणीचं?"

"भाड्याचं आहे, साहेब."

"खांद्यावरची झालर गलत आहे. गलत म्हणजे गलत!"

वाजंत्री थांबली. घोडीवर नवरदेव घामाघूम. शेवटी काकूंनी येऊन काकांना दंडाला धरून बाजूला नेलं.

या काकू नसत्या तर काकांच्या फौजेला शत्रूच मिळाला नसता. दर रविवारी दुपारी काका भोसले व्हायचे आणि काकू इंग्रज. काकू पदर खोचून फासे टाकायच्या आणि बहुतेक वेळा जिंकायच्या. पण काचबिंदूने त्यांची नजर नेली. आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. रविवारचा खेळ बंद पडला. फौजा टेबलावर समोरासमोर धूळ खात उभ्या राहिल्या.

"हिच्याबिगर खेळाचं का? शोकेसमधी ठेवाले थोडीच केली फौज?" काका म्हणायचे आणि कुणावरही खेकसायचे. शेवटी त्यांनी मला हेरलं.

"इंग्रज हो."

"मी? साम्राज्यवाद्यांच्या बाजूने? जमणार नाही."

"अबे, खेळ आहे बाप्पा! बस."

बसलो. पण कंपनीची पलटण नीट पाहिली, तर गोरे फक्त अधिकारी. बाकी सगळे मद्रास-बंगालकडचे गरीब शिपाई. मी जाहीर केलं, "माझे शिपाई गोळी चालवणार नाहीत. ते संपावर आहेत."

"कायले?"

"समोर त्यांच्यासारखीच गरिबाघरची पोरं उभी आहेत म्हणून."

"नियमात संप नाही!"

"मग नियम बदला."

काका फुटपट्टी उगारून उठले. "फासे टाक म्हणतो, त हा भाषण टाकून राहिला!"

आतून काकू हसल्या. "बोलू द्या जी त्याले. पोट्टा बरोबर बोलून राहिला."

माझी हकालपट्टी झाली. संप योग्यच होता, असं माझं आजही मत आहे.

त्यानंतर काकांनी नवंच आरंभलं. पूर्ण झालेली फौज पुन्हा कापायला घेतली. एक दिवस पाहतो तर भोसल्यांच्या चाकरीतल्या अरब शिपायांच्या डोक्यावर टरबुजाएवढी मुंडाशी. त्यांच्याच स्वारांच्या मिशा अशा की घोड्याने अडखळून पडावं. कंपनीच्या शिपायांच्या पाठीवर दगडासारखी चौकोनी गाठोडी.

"काका, एवढं मुंडासं कुठल्या पुराव्यात आहे?"

"कुठंच नाही."

"म्हणजे गलत?"

"हाव. गलत."

एवढंच बोलून ते पुट्टी मळत राहिले. मला वाटलं, माणूस आजारी पडला.

रविवारी दुपारी चौकशीला गेलो, तर टेबलाशी काकू बसलेल्या. पदर खोचलेला. बोटं शिपायांच्या डोक्यांवरून फिरत होती.

"हा अरब. हा मिशीवाला, याले मी पयले मारते."

फाशांचे ठिपके पुट्टीने उठवलेले होते, फुटपट्टीवर दोऱ्याच्या गाठी होत्या. काकूंनी फासा टाकला, चाचपला. "सहा! गेला तुमचा मिशीवाला."

"टेबल हलला. पुन्हा टाक."

"काऊन? मिशी जड झाली म्हणून?"

काका हरत होते आणि मनापासून भांडत होते. मी मात्र रंग पाहत होतो. एकेका शिपायावर नवा, केसासारख्या कुंचल्याने दिलेला रंग. ज्यांच्यासाठी एवढं केलं, त्यांना तो दिसणार नव्हता. मी हळूच काकांना म्हणालो, "मुंडाशी समजली. पण रंग कशाला?"

काका काही बोलायच्या आत काकूंचं बोट एका शिपायावर थांबलं.

"याचा कोट कसा आहे जी?"

"लाल," काका म्हणाले. "पण उन्हात चालू चालू विटलेला. कॉलर पिवळी. खालचा एक बटन तुटलेला आहे."

"तुटलेला?"

"हाव. तिथं दोरा लोंबून राहिला."

काकूंनी तो शिपाई थोडा वेळ तळहातावर धरून ठेवला. काका थाप मारत असतील असं वाटून मी वाकून पाहिलं. पोटाशी एक बटण नव्हतं. त्या जागी, जेमतेम दिसेल असा, एक पांढरा दोरा रंगवलेला होता.