दोन इंच आत

आमचे टेलर रामटेकेकाका उशीच्या अभ्र्यातही दोन इंच कापड शिलाईच्या आत सोडतात. मी एकदा म्हटलं, काका, उशी थोडीच वाढणार आहे? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून कापूस भरला तं?"

सिविक सेंटरच्या बाजारात मागच्या ओळीत त्यांचं दुकान आहे. माप घेताना ते टेप अशी धरतात की आकडे फक्त त्यांनाच दिसतात, आणि आकडा तोंडातून कधी काढत नाहीत. शेजारचा टेलर 'कंबर अडतीस' अशी हाळी घालतो आणि ती चहाच्या टपरीपर्यंत पोचते. काकांना एखादीनं विचारलंच, किती भरलं, तर ठरलेलं उत्तर येतं, "आत सोडून राहिलो नं कापड. तुमाले आकड्याचं काय करायचं?"

मशीनच्या वर त्यांच्या बायकोचा लग्नातला फोटो आहे. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. बौद्ध पद्धतीच्या लग्नातली पांढरी साडी, पांढरं ब्लाउज आणि चेहरा असा की त्याखाली उभं राहून कोणी घासाघीस करत नाही.

यंदा माझ्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. तिनं लेहंगा ऑनलाइन मागवला आणि त्यावरची चोळी मुद्दाम दोन साइझ लहान घेतली. लग्नापर्यंत आपण तिच्यात मावू, असा तिचा निश्चय होता. मग घरात काकडी, कोमट पाणी आणि भिजवलेल्या कसल्याशा बिया यांचं राज्य आलं. मी पाटवडी केली की ती मोबाइलमध्ये बघून मला त्यातल्या कॅलरी वाचून दाखवायची. मला बघायला आले होते तेव्हा मी इतकी वाळकी होते की आईनं साडीखाली दोन परकर घालायला लावले होते. म्हणजे मी कमी पडले आणि माझी मुलगी जास्त झाली. मला राग यायचा, पण लग्नघरात रागवायचं कुणावर? मग एके दिवशी जिना चढताना ती कठडा धरून मटकन खाली बसली, तेव्हा मात्र मी घाबरले आणि तिला चोळीसकट काकांकडे नेलं.

काकांनी चोळी उलटी केली आणि कुणीतरी गेल्यासारखा चेहरा केला. "आत काईच सोडलं नाही," ते म्हणाले.

"अंकल, ढीला नहीं करना है," पल्लवी म्हणाली. "मी बारीक होतेय."

बरं, काका म्हणाले. चोळी इथंच राहू दे, दर रविवारी घालून बघू.

पहिल्या रविवारी एकही हूक लागला नाही. दुसऱ्या रविवारी खालचे दोन लागले. तिसऱ्या रविवारी चार लागले, तेव्हा पल्लवीनं आरशासमोर गिरकी घेतली आणि घरी येऊन बक्षीस म्हणून अर्धी पाटवडी खाल्ली. चौथ्या रविवारी सगळे लागले. त्या दिवशी तिनं रश्श्यात आख्खी भाकरी कुस्करली. पुढे ती जितकी जेवायला लागली तितकी चोळी सैल होत गेली. जेवून बारीक व्हायची ही पद्धत मला कुणी आधी का सांगितली नाही, असं मला वाटून गेलं. काका मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायचे, "बारीक होऊन राहिली पोरगी."

लग्नात ती पोटभर जेवली आणि इतकी हसली की फोटोग्राफर वैतागला.

पाहुणे गेल्यावर लेहंगा ठेवायला काढला, तेव्हा मी सहज चोळी उलटी केली. दोन्ही कुशींत तीन-तीन बोटं रुंद पट्टी लावली होती, लेहंग्याच्याच खालच्या दुमडीतून काढलेली. शेजारी उसवलेल्या शिलाईच्या रेघा होत्या, एकेका रविवारची एक.

मी तशीच दुकानात गेले. म्हटलं, काका, तुम्ही माझ्या पोरीला फसवलंत. भांडायला मात्र गेले नव्हते. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि फोटोकडे पाहिलं.

"ते बिलाऊज मीच शिवलं होतं," ते म्हणाले. "मापाचं बिलाऊज आलं होतं तिच्या घरून. बायको बारीक दिसली पाहिजे म्हणून मी दोन इंच कमी शिवलं. आतही काई सोडलं नाही. दिवसभर जेवली नाही बिचारी, पण मले एका शब्दानं बोलली नाही. लोक फोटो पाहून म्हणते, रामटेकेची बायको लय कडक होती. कडक नव्हती, ताई. तिले श्वास घेता येत नव्हता."

इतकी वर्षं मीही त्या बाईला वचकून होते. मी विचारलं, दुसरा एखादा फोटो नाही का त्यांचा?

काकांनी कात्री पुन्हा उचलली.

"घरी लय हसे," ते म्हणाले. "पण फोटो हा एकच आहे."