बबनआप्पांची चिनी ज्वारी

आमचे बबनआप्पा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. पण घरी आलेल्या प्रत्येकाला, मग तो व्याही असो की वायरमन, चहाच्या आधी दारू दाखवतात. नुसती दाखवतात. टीव्हीशेजारी काचेची बाटली, आत पाण्यासारखी नितळ दारू, वर चिनी अक्षरं.

"हुंगा! ज्वारी हाय!" बूच काढून आप्पा म्हणतात.

आप्पा सणसवाडीच्या एका कंपनीत वॉचमन होते. मशीन बसवायला आलेल्या चिनी इंजिनियरनं महिनाभर त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली आणि जाताना ही बाटली दिली. त्याचा बाप गावाकडं हीच दारू गाळतो म्हणे. मोबाइलवर भाषांतर करकरून त्यानं कृतीही सांगितली, ती आप्पांना तोंडपाठ आहे.

"ज्वारी वाफवायची. गव्हाच्या इटा करून बुरसू द्यायच्या, कुटून त्यात कालवायच्या. जमिनीतल्या खड्ड्यात भरून वरनं चिखलानं लिंपायचं. म्हैना-दोन म्हैन्यांनी उकरून पुन्हा वाफ द्यायची आन् ती वाफ थेंब थेंब धरायची. आमच्या आज्याच्या जमिनीतल्या पेवात साठवलेली ज्वारी भिजली की घरात रडारड व्हायची. त्यांनी बघा कसं सोनं केलं!"

हे सांगताना आप्पांची छाती अशी फुगते, जणू चीनला बियाणं आमच्या मांडवगण फराट्यातूनच गेलंय.

गावात मात्र जिकडंतिकडं ऊस. मधे आप्पांची अर्धा एकर ज्वारी, म्हणून गावभरची पाखरं तिथंच जेवायला. यंदा मुलगा संतोष हट्टाला पेटला, तिथंही ऊसच लावायचा. आप्पांनी मला शेजारी म्हणून मध्यस्थीला बोलावलं आणि माझ्याच नाकाशी बाटली धरली. "चीनवाल्यांला किंमत कळती, ह्याला कळंना!"

"आप्पा, भाकरीपुरती ज्वारी बाजारात मिळते की," मी वैतागून म्हणालो.

आप्पांनी बूच घट्ट लावलं. आतून एक डबा आणला. राखेत घोळलेलं बियाणं होतं.

"आमच्या थोरल्या भैनीचं हाय, आक्काचं. नवऱ्यानं टाकली तवापास्नं हितंच ऱ्हायली. दरसाल बियाची कणसं तीच निवडायची. ही शेवटची निवडली आन् गेली. तिच्या नावावर जमीन न्हाई, लेकरू न्हाई. एवढंच हाय. एक साल पेरलं न्हाई तर कीड लागंल, संपंल."

मला माझीच लाज वाटली. संतोषनं डबा हातात घेतला.

"अर्ध्या एकराला किती बी लागंल, आप्पा?"

"मला काय ठावं? ते आक्काच काढून द्यायची."